दाताला तार लावताना हाडाचं गणित

दातांना तार लावायची म्हटलं की घरात पहिली चर्चा रंगते ती तारेच्या प्रकारावर. स्टीलची घ्यायची, दातांच्या रंगाची, की ती न दिसणारी प्लॅस्टिकची? लगेच पुढचा प्रश्न येतो, दहावीच्या आत होईल का, लग्नाच्या आत होईल का. सोलापुरात दहा जणांना विचारा, दहा सल्ले मिळतील आणि त्यातले बहुतेक तारेबद्दलच असतील. खरं काम मात्र हिरडीखाली, हाडात चाललेलं असतं. ते एकदा नीट कळलं की किती महिने लागणार, कोणत्या वयात सुरू करायचं, दात काढायला का सांगतात आणि तार निघाल्यावरही दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर का घालायचा, याचा बराचसा उलगडा होतो.

दात जबड्याच्या हाडाला थेट चिकटलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये जेमतेम ०.२ मिलिमीटरची फट असते आणि त्या फटीत बारीक तंतू ताणलेले असतात. बाजेला सुंभ विणलेलं असतं तसे हे तंतू मुळाला चहूबाजूंनी तोलून धरतात. म्हणून कडक काही चावलं तर दात किंचित दबतो आणि परत जागेवर येतो. आता या दाताला कुणी सतत, पण हलकेच, एका बाजूला रेटत राहिलं तर त्या बाजूचे तंतू चेपतात आणि शरीर तिथे हाड विरवणाऱ्या पेशी कामाला लावतं. विरुद्ध बाजूचे तंतू ताणले जातात, तिथे नवं हाड घालणाऱ्या पेशी जाग्या होतात. पुढचं हाड हटतं, मागे नवं भरत येतं आणि दात आपल्या खोबणीसकट सरकतो.

जोर जास्त लावला तर काम लवकर होईल असं वाटतं, पण होतं उलटंच. तंतू इतके चेपतात की तिथला रक्तपुरवठा थांबतो. मग हाड विरवणाऱ्या पेशी त्या जागी पोचतच नाहीत, दात काही आठवडे अडून राहतो, दुखतो आणि मुळाला इजा होण्याची शक्यता वाढते. 'डॉक्टर, जरा घट्ट आवळा, लवकर होऊ दे' हा आग्रह म्हणूनच निरर्थक आहे.

सर्वसाधारणपणे दात महिन्याला सुमारे एक मिलिमीटर सरकतो. सुळ्यामागची छोटी दाढ काढून ती जागा भरायची असेल तर ती दाढ साधारण सात मिलिमीटर रुंद असते. म्हणजे फक्त ती जागा बंद करायला सहा-आठ महिने गेले. त्याआधी वेडेवाकडे दात एका ओळीत आणायला काही महिने, आणि नंतर वरखालच्या दातांची मिळणी नीट बसवायला आणखी काही. दीड-दोन वर्षं हा आकडा असा येतो. 'सहा महिन्यांत हमखास' असं कुणी सांगितलं तर समजावं, एक तर बिघाड अगदी किरकोळ आहे, नाहीतर सांगणारा फक्त दर्शनी दातांपुरतं बोलतोय. कंपनं देणारी यंत्रं लावून दात लवकर सरकतात अशी जाहिरात असते, पण त्याला भक्कम पुरावा मिळालेला नाही.

तारेचं काम काय

दातावर चिकटवलेला चौकोनी तुकडा म्हणजे ब्रॅकेट. तो स्वतः काहीच ओढत नाही. त्याच्या मधोमध एक खाच असते, साधारण ०.०२२ इंच उंचीची, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त. तार त्या खाचेत बसवतात. वाकड्या दातांमधून ओवलेली तार स्वतः सरळ व्हायला बघते आणि सरळ होताना दातांना बरोबर घेऊन जाते.

पूर्वी ही तार स्टीलची किंवा सोन्याच्या मिश्रधातूची असायची, थोडी वाकवली तर जोर फार आणि तो लवकर ओसरायचा. १९६० च्या आसपास अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत निकेल आणि टायटॅनियमचा एक मिश्रधातू सापडला, बराच वाकवला तरी मूळ आकारात परत येणारा. १९७० च्या दशकात जॉर्ज अँड्रियासन यांनी तो दातांसाठी वापरात आणला. ही तार बराच काळ हलका आणि एकसारखा जोर देत राहते, हाडाला हवा असतो अगदी तसा. पूर्वी दर तीन-चार आठवड्यांनी तार आवळून घ्यायला जावं लागायचं. आता सहा-आठ आठवड्यांनी गेलं तरी चालतं ते यामुळे. करमाळ्याहून किंवा सांगोल्याहून एसटीने सोलापूर गाठणाऱ्यांना हा फरक चांगलाच जाणवतो.

दुसरा मोठा बदल चिकटवण्यातला. जुन्या काळी प्रत्येक दाताभोवती धातूची पट्टी बसवत आणि हसताना तोंडभर धातू दिसे. १९५५ मध्ये मायकेल ब्युनोकोर यांनी दाखवून दिलं की दाताच्या वरच्या थरावर आम्ल लावून तो थोडा खरखरीत केला तर त्यावर रेझिन, म्हणजे प्लॅस्टिकसारखं चिकटणारं द्रव्य, घट्ट धरतं. पुढे याच युक्तीने ब्रॅकेट थेट दातावर चिकटवू लागले. आता पट्टी राहिली ती बहुतेक मागच्या दाढांपुरती, तीही सगळ्यांना नाही.

सुरुवातीच्या तारा गोल आणि बारीक असतात. त्या दात ओळीत आणतात. नंतर चौकोनी छेदाची जाड तार येते, जी खाचेत घट्ट बसते आणि दाताच्या मुळालाही हवा तो कल देते. पेशंट वैतागतात ते नेमके या टप्प्यावर. 'दात तर सरळ दिसतायत, काढा की आता तार!' बाहेर दिसणारा भाग ओळीत आलेला असतो, आतलं मूळ अजून तिरकं असतं. इथे अर्धवट सोडलं तर काढलेल्या दाताची जागा पुन्हा उघडायला लागते. शेवटचे चार-पाच महिने आरशात काहीच बदल दिसत नाही आणि माझ्या मते उपचारातला सगळ्यात मोलाचा काळ तोच.

फाइलवर 'क्लास टू' किंवा 'क्लास थ्री' लिहिलेलं दिसलं तर दचकू नका, तो आजाराचा टप्पा नव्हे. एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्यांनी १८९९ मध्ये वरखालच्या दाढांची मिळणी बघून तीन वर्ग पाडले, तेच अजून चालतात. पहिल्या वर्गात दाढा नीट जुळतात पण पुढे गर्दी किंवा फटी असतात. दुसऱ्यात खालच्या दाढा मागे राहिलेल्या असतात, बहुधा वरचे दात पुढे आलेले दिसतात. तिसऱ्यात खालची बाजू पुढे येते. बिघाड नुसत्या दातांचा की जबड्याच्या हाडाचा हे ठरवायला संपूर्ण जबड्याचा आणि डोक्याचा बाजूने असे दोन एक्स-रे काढतात, शिवाय दातांचा साचा किंवा स्कॅन घेतात. या तपासण्या न करताच कुणी त्याच दिवशी तार चिकटवायला निघालं तर तिथून उठून यावं.

मुलांचं काय

दुधाचा पडलेला दात कौलावर फेकून उंदराकडून नवा मागायची आपली रीत. पण त्याच दुधाच्या दाताला कीड लागली की 'पडणारच आहे, कशाला खर्च' म्हणून सोडून देतो. दुधाची शेवटची दाढ दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहायची असते. ती सातव्या वर्षीच काढावी लागली तर मागची पक्की दाढ पुढे सरकून ती जागा खाते आणि खालून येणाऱ्या दाताला वाटच उरत नाही. अशा वेळी जागा धरून ठेवणारी एक छोटी तारेची कडी बसवतात. खर्च थोडा, आणि पुढचा मोठा उपचार टळू शकतो. कीड वेळेवर भरली असती तर तीही लागली नसती.

अमेरिकेतली ऑर्थोडॉन्टिस्टांची, म्हणजे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञ दंतवैद्यांची, संघटना म्हणते की सातव्या वर्षापर्यंत मुलाची एक तपासणी व्हावी. त्या वयात पहिल्या पक्क्या दाढा आणि पुढचे काही पक्के दात आलेले असतात, त्यामुळे पुढचा अंदाज बांधता येतो. तपासणी म्हणजे लगेच तार नव्हे. बहुतेक मुलांना 'वर्षाने या' एवढंच सांगितलं जातं.

वाट बघण्यासारखी एक गोष्ट तर फार आई-बाबांना घाबरवते. आठ ते बारा या वयात वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट असते, दात पंख्यासारखे फाकलेले दिसतात आणि नातेवाईक 'अगं, हिचे दात असे कसे' म्हणायला सुरुवात करतात. हाडातून खाली येणारे सुळे शेजारच्या मुळांना दाबत असतात, म्हणून हे होतं. सुळे आले की ती फट बहुतेक वेळा आपली आपण मिटते. समाजमाध्यमांवर अशी फट रबर बँड गुंडाळून मिटवायचे व्हिडिओ फिरतात. ते करू नका, मुलाला तर नाहीच नाही. दात मुळाकडे निमुळता असतो, त्यामुळे रबर हळूहळू वर सरकून हिरडीत शिरतं, मुळाभोवतीचं हाड संपवतं आणि चांगला दात गमवावा लागतो.

ज्या गोष्टींना थांबू नये त्याही आहेत. वरचा एखादा पुढचा दात खालच्या दातांच्या मागे बसत असेल तर तो लवकर पुढे आणावा, नाहीतर खालच्या दाताची हिरडी उतरत जाते. सहाव्या-सातव्या वर्षानंतरही अंगठा तोंडात असेल तर वरचे दात पुढे येतात आणि समोर उघडी फट राहते. आधी समजावून बघावं, नाही जमलं तर टाळूला अंगठा टेकू न देणारी तारेची जाळी असते. रागावून, कडुनिंब चोळून सवय सुटली अशी उदाहरणं सांगितली जातात. मूल मात्र पांघरुणात अंगठा घालतं. तोंडाने श्वास घेणारं, घोरणारं मूल असेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं, कारण नाकामागच्या वाढलेल्या गाठी तशाच राहिल्या तर दातांवरच्या उपचाराचा निम्मा उपयोग वाया जातो.

वरचा जबडा अरुंद असेल तर टाळूवर स्क्रू असलेलं साधन बसवतात. टाळूचं हाड लहानपणी दोन अर्ध्यांचं असतं आणि मधली सांधणी किशोरवयात हळूहळू जुळत जाते. ती जुळायच्या आत किल्लीने स्क्रू फिरवायचा, एका वळशाला साधारण पाव मिलिमीटर, आणि दोन्ही अर्धे बाजूला सरकतात. हे काम घरी आईलाच करावं लागतं. काही दिवसांत पुढच्या दोन दातांत अचानक मोठी फट पडते आणि घरात गोंधळ उडतो, पण ती फट म्हणजे सांधा उघडल्याची खूण. मग ते साधन काही महिने तसंच ठेवतात, तोवर मधल्या जागेत नवं हाड भरतं.

खालचा जबडा मागे असणाऱ्या मुलांसाठी ट्विन ब्लॉक नावाचं काढता-घालता येणारं साधन आहे. स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी ते १९७७ मध्ये आणलं. वर एक आणि खाली एक अशा दोन ठोकळ्यांच्या उतारामुळे तोंड मिटताना खालचा जबडा पुढेच बसतो. हे वाढीच्या जोराच्या काळात लावायचं, मुलींत साधारण दहा ते तेरा आणि मुलांत त्यानंतर वर्षभराने. इथे एक प्रामाणिक गोष्ट सांगायला हवी. पुढे आलेल्या दातांसाठी सात-आठव्या वर्षीच उपचार सुरू केल्याने शेवटचा निकाल जास्त चांगला येतो असं नाही. वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात एकच ठळक फायदा दिसला: पडझडीत पुढचे दात मोडण्याचं प्रमाण कमी झालं. मूल फार धडपडं असेल किंवा दातांवरून शाळेत छळ होत असेल तर लवकर सुरू करण्यात अर्थ आहे. एरवी थांबलं तरी चालतं. खालचा जबडा पुढे असणाऱ्या मुलांत मात्र वरचा जबडा पुढे ओढणारा चेहऱ्यावरचा पट्टा दहाव्या वर्षाच्या आत लावला तर जास्त गुण येतो. तिथे थांबणं महागात पडतं.

आणि सुळा. दहाव्या वर्षाच्या सुमारास वरच्या सुळ्याचा फुगवटा हिरडीवर बोटाला लागायला हवा. शंभरातल्या दोघांच्या आसपास तो हाडातच अडकतो, कधी शेजारच्या दाताच्या मुळावर जाऊन आदळतो. वेळेवर कळलं तर दुधाचा सुळा काढून टाकल्यानेही वाट मोकळी होऊ शकते.

दात काढायचा का, आणि डोळ्यांचं काय

पूर्व भागात तेलुगूत, अक्कलकोटकडे कन्नडमध्ये आणि बाकी सोलापुरात मराठीत, एक समज सगळीकडे सारखा ऐकू येतो: वरचा दात काढला की नजर कमी होते. होत नाही. बघण्याचं काम करणारी नस डोळ्याच्या मागून थेट मेंदूत जाते. दातांची संवेदना वेगळ्याच नसेतून जाते. चाळिशीत दाढा पडायला लागतात आणि त्याच वयात चाळशीही लागते, दोन्ही एकदम घडलं म्हणून नातं जोडलं गेलं.

दात काढावेत की नाहीत यावर मात्र डॉक्टरांमध्येही शंभर वर्षांचा वाद आहे. अँगल स्वतः एकही दात काढायच्या विरोधात होते. त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांना दिसलं की न काढता केलेल्या कित्येक पेशंटांचे दात पुन्हा बिघडतायत किंवा तोंड पुढे आलेलं दिसतंय, म्हणून त्यांनी अशा पेशंटांवर चार दात काढून पुन्हा उपचार केले. आजचा शहाणा डॉक्टर दोन्ही टोकं धरत नाही. जबड्यात जागा किती कमी पडते ते मोजतो, ओठ आणि नाकाची ठेवण बघतो. जागा थोडीच कमी असेल तर दोन दातांमध्ये किंचित घासून किंवा मागच्या दाढा सरकवून भागतं. जास्त कमी असेल तर छोट्या दाढा काढाव्या लागतात. 'आम्ही दात काढतच नाही' ही पाटी मला तरी कौतुकाची वाटत नाही.

अक्कलदाढ पुढच्या दातांना ढकलते म्हणून ती काढून टाका, असंही सांगतात. खालचे पुढचे दात वयाबरोबर दाटतात हे खरं, पण ज्यांना अक्कलदाढ आलीच नाही त्यांचेही दाटतात.

मोठ्यांना तार

पस्तिशीत, पन्नाशीत तार लागते का? लागते. दात सरकायला वयाची अट नाही, अट हाडाची आणि हिरड्यांची. मुळाभोवतीचे ते तंतू आणि हाड निरोगी असतील तर साठीतही दात सरकतो. हिरड्यांतून पू येत असेल, हाड झिजलेलं असेल तर तार त्या झिजेला आणखी वेग देते. म्हणून मोठ्यांमध्ये आधी हिरड्यांचा उपचार, मग तार. मधुमेह ताब्यात हवा. आपल्याकडे मिश्री लावणं, मावा खाणं सर्रास चालतं आणि त्यात एक फसवी गोष्ट असते: तंबाखूमुळे हिरड्यांचा रक्तपुरवठा आखडतो, त्यामुळे हिरडी आतून खराब झाली तरी कधी कधी रक्त येत नाही आणि माणसाला वाटतं सगळं ठीक आहे. तार लावायची असेल तर ही सवय आधी सुटली पाहिजे.

हाड ठिसूळ होऊ नये म्हणून काही बायकांना वर्षानुवर्षं गोळ्या किंवा वर्षातून एकदा इंजेक्शन दिलेलं असतं. ही औषधं हाड विरण्याची क्रियाच मंद करतात, आणि दात सरकायला तर हाड विरावंच लागतं. चालू असलेली सगळी औषधं ऑर्थोडॉन्टिस्टला सांगावीत, विचारली नाहीत तरी.

तसाच प्रकार इम्प्लांटचा, म्हणजे कृत्रिम दातासाठी हाडात बसवलेल्या स्क्रूचा. हाडात घट्ट रुतलेल्या त्या स्क्रूभोवती तंतू नसतात, त्यामुळे एकदा बसलेला इम्प्लांट कधीच सरकत नाही. पडलेल्या दाताच्या जागी इम्प्लांट आणि बाकीच्यांना तार, दोन्ही करायचं असेल तर क्रम आधी ठरवा. मात्र तो न सरकण्याचा गुण कामाचाही आहे. हाडात तात्पुरता बसवलेला, काही मिलिमीटर लांबीचा बारीक स्क्रू भक्कम आधार देतो आणि त्याला धरून बाकीचे दात मागे ओढता येतात. काम झालं की स्क्रू काढून टाकतात.

मोठ्यांमध्ये एक गोष्ट तारेने होत नाही. जबड्याचीच ठेवण फार पुढे-मागे असेल तर वाढ संपल्यावर जबड्याची शस्त्रक्रिया लागते आणि तिच्या आधी-नंतर तार. टाळू रुंद करायलाही मोठ्यांना स्क्रूचा आधार किंवा शस्त्रक्रिया लागू शकते, कारण सांधा जुळलेला असतो. लग्न तोंडावर आलं म्हणून पुढचे चार-सहा चांगले दात घासून त्यांवर कॅप बसवून 'सरळ' करून देणारेही असतात. घासलेला दात परत येत नाही आणि कॅप आयुष्यभर पुरत नाही. स्थळाला दाखवायच्या दिवसासाठी ही किंमत मला भारी वाटते.

मग प्रकार कोणता

स्टीलचे ब्रॅकेट सगळ्यात स्वस्त आणि दणकट. दातांच्या रंगाचे सिरॅमिकचे दिसायला बरे, पण ठिसूळ आणि काढताना जास्त जपावं लागतं. जिभेच्या बाजूने लावायचे ब्रॅकेटही असतात. बाहेरून दिसतच नाहीत, पण सुरुवातीला बोलताना जीभ अडखळते आणि खर्च जास्त. स्वतःच बंद होणाऱ्या झडपेचे ब्रॅकेट लवकर काम करतात असा प्रचार आहे, प्रत्यक्षात एकूण वेळेत फरक दिसलेला नाही.

पारदर्शक अलाइनर, म्हणजे दातांवर चढवायचे प्लॅस्टिकचे ट्रे, १९९० च्या दशकाच्या शेवटी बाजारात आले. इन्व्हिजलाइन बनवणारी अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी १९९७ मध्ये सुरू झाली. आता देशी कंपन्याही बनवतात. एकामागून एक ट्रे घालत जायचं, प्रत्येक ट्रे दात साधारण पाव मिलिमीटर सरकवतो, एक-दोन आठवड्यांनी पुढचा. दातांवर दातांच्याच रंगाचे छोटे उंचवटे चिकटवतात म्हणजे ट्रेला पकड मिळते, तेव्हा 'अजिबात काही दिसत नाही' हे अर्धसत्य. किरकोळ ते मध्यम बिघाडाला अलाइनर छान. दात काढून मोठी जागा भरायची असेल किंवा मूळ बरंच फिरवायचं असेल तर तारेचा हात अजून वरचढ आहे.

अलाइनर दिवसाचे २० ते २२ तास घालावे लागतात. उरलेल्या दोन-चार तासांत जेवण, ब्रश आणि चहा. आता सोलापूरकराचा चहा मोजा: सकाळी घरी, दुकान उघडल्यावर, कुणी आलं की, चार वाजता, संध्याकाळी कट्ट्यावर. गरम चहा ट्रे घालून प्यायला तर ट्रे डागाळतो, वाकतो आणि साखर आत अडकून दात किडतात. प्रत्येक वेळी काढायचा तर तास संपतात. ज्याला चहा कमी करणं जमणार नाही त्याने सरळ तार लावावी. मे महिन्यात पारा बेचाळिशी ओलांडतो तेव्हा बंद गाडीत ट्रे ठेवून जाऊ नये, हेही लक्षात असू द्या.

घरी साचा मागवून, डॉक्टरांना न भेटता अलाइनर घेण्याचा एक धंदा निघाला होता. त्यातली अमेरिकेची स्माइलडायरेक्टक्लब ही मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि कितीतरी लोकांचा उपचार मध्येच लटकला. हिरडी आणि एक्स-रे न बघता दात सरकवणं म्हणजे हाड आहे की नाही हे न बघता ते हलवायला जाणं.

खाणं, घासणं

तार असताना कडक भाकरी मोडून चावणं बंद. आमटीत कुस्करून, भिजवून खाल्ली तर खुशाल खा, तशीही ती तशीच जास्त चांगली लागते. शेंगाचटणी चालेल, पण अख्खे भाजके शेंगदाणे, फुटाणे, ऊस सोलून खाणं, मटणाची हाडं चोखणं नको. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत चिक्की आणि रेवड्यांपासून लांब राहायचं. तुटलेला ब्रॅकेट म्हणजे नुसतं पुन्हा चिकटवणं नाही. तो दात तेवढे आठवडे जागेवर थांबलेला असतो, कधी मागेही जातो. वारंवार तुटणाऱ्या ब्रॅकेटांमुळे उपचार लांबतो आणि दोष डॉक्टरांना जातो.

दुखण्याचं सांगायचं तर पहिले तीन-चार दिवस चावताना ठणक असते, मग ओसरते. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. सूज उतरवणाऱ्या काही गोळ्या दात सरकण्याच्या क्रियेत अडथळा आणू शकतात म्हणून बरेच डॉक्टर पॅरासिटामॉल सुचवतात. तारेचं टोक गालाला टोचलं तर मेणाची गोळी लावायची, ती क्लिनिकमधून आधीच मागून ठेवा.

घासण्यात कुचराई झाली तर ब्रॅकेटभोवती पांढरे डाग पडतात. ती किडीची पहिली पायरी असते आणि तार काढल्यावर सरळ दातांवर चौकोनी खुणा उरतात. प्रत्येक जेवणानंतर ब्रश, फ्लोराइडची पेस्ट आणि तारेखालून जाणारा छोटा ब्रश. गावाला पाणी किती दिवसांआड येतं हा वेगळा विषय आहे, पण खाल्ल्यावर चूळ भरायला तांब्याभर पुरतं.

कुणाकडे जायचं

बीडीएस ही दंतवैद्यकाची पदवी, इंटर्नशिपसह पाच वर्षांची. त्यानंतर तीन वर्षं फक्त या विषयात एमडीएस केलेला डॉक्टर म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्ट. विचारायला लाजू नये. आपल्याकडे अनेक दवाखान्यांत ऑर्थोडॉन्टिस्ट आठवड्यातून किंवा महिन्यातून एकदा येतात. त्यात वाईट काही नाही, पण मधल्या दिवसांत तार तुटली तर कोण बघणार आणि ते डॉक्टर यायचे बंद झाले तर पुढे काय, हे आधी विचारा. सोलापुरात केगावला दंत महाविद्यालय आहे. प्रत्येक दंत महाविद्यालयात हा विभाग असतोच आणि तिथे खर्च साधारणपणे खासगी दवाखान्यापेक्षा कमी येतो, वेळ मात्र जास्त द्यावा लागतो. आरोग्य विम्यात हा खर्च बहुधा धरत नाहीत. पैसे हप्त्याने देता येतात, तेव्हा एकूण रकमेत एक्स-रे, तुटलेले ब्रॅकेट आणि शेवटचा रिटेनर धरलाय की नाही हे कागदावर लिहून घ्यावं.

रिटेनर

तार निघते तेव्हा दाताभोवतीचं नवं हाड अजून कोवळं असतं. हाड काही महिन्यांत घट्ट होतं, पण हिरडीतले तंतू ताणलेल्या अवस्थेतून सावरायला वर्षाच्या आसपास घेतात, आणि तोवर ते दाताला जुन्या जागेकडे खेचत राहतात. म्हणून रिटेनर. खालच्या पुढच्या दातांमागे चिकटवलेली बारीक तार असते किंवा काढता-घालता येणारी प्लेट. चार्ल्स हॉली यांच्या नावाची ती गुलाबी प्लेट शंभर वर्षांपासून चालत आली आहे. सुरुवातीचे महिने डॉक्टर सांगतील तितके तास, नंतर फक्त रात्री. किती वर्षं? जितकी वर्षं दात सरळ हवेत तितकी.

प्लेट गरम पाण्यात धुऊ नका, आकार बिघडतो. लग्नाच्या पंगतीत कागदी रुमालात गुंडाळून पत्रावळीशेजारी ठेवलेली प्लेट पत्रावळीबरोबरच जाते, डबीतच ठेवावी. हरवली तर त्याच आठवड्यात नवी करून घ्यावी. महिन्याभराने जुनी सापडली आणि नीट बसत नसेल तर दाबून बसवू नका, तशीच घेऊन डॉक्टरांकडे जा. आत चिकटवलेली तार एका दातावरून सुटली तर दुखत नाही, त्यामुळे कळतही नाही. सहा महिन्यांनी जीभ फिरवून आणि वर्षातून एकदा दाखवून ती तपासत राहावी लागते.